गाडीने पहिल्यांदा मेक्सिकोत जाताना: तयारी परतीपासून सुरू करा

सॅन डिएगोहून आय-५ रस्त्याने दक्षिणेकडे निघालं की शेवटी एक पाटी लागते, ‘अमेरिकेतली शेवटची एक्झिट’. ती सोडली की गाडी वळवायला जागा नाही. पाच-दहा मिनिटांत तुम्ही तिहुआनात असता, आणि बऱ्याचदा तोवर कोणी पासपोर्टही मागितलेला नसतो. आत जाणं इतकं सहज असल्यामुळे लोक सगळी तयारी हॉटेल, समुद्र आणि खाण्यापिण्याची करतात. कस लागतो तो परत येताना. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी तर आधी परतीचा विचार करावा आणि मगच सहल ठरवावी.

खालचं सगळं प्रामुख्याने दक्षिण कॅलिफोर्नियातून तिहुआना-रोसारितो-एन्सेनाडा या वाटेबद्दल आहे, कारण पहिल्या फेरीसाठी मला हीच वाट योग्य वाटते. ॲरिझोनावाल्यांसाठी मेक्सिकोच्या सोनोरा राज्यातल्या पुएर्तो पेन्यास्कोची वाट आहे. तिचा उल्लेख ओघाने येईल.

सर्वांत आधी: तुम्ही परत येऊ शकता का?

भारतीय नागरिकाला मेक्सिकोचा व्हिसा लागतो, पण पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असेल किंवा ग्रीन कार्ड असेल तर लागत नाही. या सवलतीवर १८० दिवसांपर्यंत राहण्याची परवानगी मिळू शकते. नेमके किती दिवस द्यायचे ते सीमेवरचा अधिकारी ठरवतो.

यातला ‘वैध’ हा शब्द नीट बघा. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या अनेकांचं स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवरचा व्हिसा, संपलेलं असतं, आणि आय-७९७ या सरकारी मंजुरीपत्राच्या जोरावर अमेरिकेत राहणं पूर्णपणे कायदेशीर असतं. पण मेक्सिकोच्या लेखी आय-७९७ म्हणजे व्हिसा नव्हे. स्टॅम्प संपला असेल तर आधी मेक्सिकोच्या वकिलातीतून त्यांचा व्हिसा काढावा लागतो.

मग परत कसं यायचं? त्यासाठी अमेरिकेचा एक नियम आहे, त्याला ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन म्हणतात. मेक्सिको किंवा कॅनडात ३० दिवसांपर्यंतच राहिलात, आय-९४, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाची आणि राहण्याच्या मुदतीची नोंद, वैध असेल आणि तिथे असताना नव्या अमेरिकन व्हिसासाठी अर्ज केला नसेल, तर संपलेल्या स्टॅम्पवरही परत येता येतं. शेवटची अट फार महत्त्वाची आहे. ‘जातोच आहोत तर तिहुआनात स्टॅम्पिंगही उरकून घेऊ’ असं ठरवलं की ही सवलत संपते. व्हिसा नाकारला गेला किंवा लांबला, तर तिकडेच अडकून पडाल. काही देशांच्या नागरिकांना हा नियम मुळातच लागू नाही. भारत त्या यादीत नाही, तरी निघण्याआधी कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला दोन ओळींची ईमेल टाकून उत्तर लेखी घ्या.

ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज, म्हणजे आय-४८५, प्रलंबित असेल तर आणखी जपा. वैध एच किंवा एल दर्जावर (नोकरीच्या व्हिसांवर) असलेल्यांना सहसा अडचण येत नाही. बाकीच्यांनी ॲडव्हान्स पॅरोल, म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी, हातात नसताना सीमा ओलांडली तर तो अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. वर्षानुवर्षं वाट बघून मिळवलेली जागा एका वीकेंडपायी घालवू नका.

विद्यार्थ्यांनी आय-२० या विद्यापीठाकडून मिळालेल्या कागदावर प्रवासासाठीची सही ताजी आहे ना ते बघावं. पुण्या-नाशिकहून आलेले आईबाबा सोबत असतील तर त्यांचा व्हिसा बहुधा दहा वर्षांचा, अनेक प्रवेशांचा असतो, त्यामुळे ते येऊ शकतात. मात्र चार दिवस मेक्सिकोला जाऊन आल्याने त्यांच्या आय-९४ वरची मुदत वाढेल हे मनातून काढून टाका. त्यांचा प्रवासी आरोग्यविमा मेक्सिकोत चालतो का, हेही त्या कंपनीला विचारून घ्या. बऱ्याच पॉलिसी फक्त अमेरिकेपुरत्या असतात.

प्रत्येकासाठी एक प्लास्टिकचं फोल्डर करा: पासपोर्ट (व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर दोन्ही), आय-७९७ किंवा आय-२०, आय-९४ ची छापील प्रत, नोकरीचं पत्र, अलीकडच्या दोन-तीन पेस्लिप. मूल एकाच पालकासोबत जात असेल तर दुसऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतिपत्र ठेवा. सगळ्याचे फोटो फोनमध्ये आणि ईमेलमध्येही असू द्या. तिहुआनात पासपोर्ट हरवला तर भारताचा दूतावास तिथून खूप दूर, मेक्सिको सिटीत आहे. नवा पासपोर्ट झाल्यावर अमेरिकेच्या व्हिसाचं काम वेगळंच. म्हणून हे फोल्डर गाडीत ठेवून किनाऱ्यावर जायचं नाही. हॉटेलच्या तिजोरीत ठेवायचं, नाहीतर अंगावर बाळगायचं.

गाडीचा विमा

तुमचा अमेरिकन विमा कितीही भारी असला तरी दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी भरून देण्यासाठी मेक्सिकोचा कायदा तो मानत नाही. तिथल्या परवानाधारक कंपनीचीच पॉलिसी लागते. ती ऑनलाइन मिळते, अगदी एका दिवसासाठीसुद्धा, आणि काम दहा मिनिटांचं आहे.

हे इतकं ठासून सांगण्याचं कारण असं की तिथे अपघातात कोणी जखमी झालं, तर चूक कोणाची आणि भरपाई कोण देणार हे ठरेपर्यंत चालकाला ताब्यात ठेवता येतं. खिशात चांगली पॉलिसी असेल तर सुटकेची आणि वकिलाची सोय कंपनी करते. म्हणून पॉलिसी घेताना दोनच गोष्टी बारकाईने बघा. जबाबदारीची मर्यादा तीन लाख डॉलरपेक्षा कमी नको, पाच लाख असेल तर उत्तम. आणि कायदेशीर मदत व जामीन त्यात असायलाच हवेत. स्वस्तातल्या पॉलिसींमध्ये कात्री नेमकी इथेच लागते.

पॉलिसी कागदावर छापून घ्या. अपघात झाला तर गाडी जागेवरच ठेवून पॉलिसीवरच्या नंबरला फोन करायचा. कंपनीचा माणूस, ज्याला तिथे ‘आहुस्तादोर’ म्हणतात, तो जागेवर येतो. तो येईपर्यंत कुठल्याही कागदावर सही करू नका. दावा मेक्सिको सोडण्याआधी नोंदवायचा, ही अट बहुतेक पॉलिसींमध्ये असते. ‘बारीकसा ओरखडा आहे, घरी जाऊन बघू’ म्हटलंत तर दावा गेलाच म्हणून समजा.

गाडीचे बाकीचे कागद

रजिस्ट्रेशन गाडीत असावं आणि ते ज्याच्या नावावर आहे तो माणूसही गाडीत असावा. मित्राची गाडी असेल तर त्याचं नोटरी केलेलं पत्र घ्या. कर्जावरची किंवा लीजवरची गाडी असेल तर कर्ज देणाऱ्या कंपनीचं परवानगीपत्र लागू शकतं. भाड्याच्या गाडीबद्दल बुक करण्याआधीच विचारा. अनेक कंपन्या मेक्सिकोत गाडी नेऊच देत नाहीत, आणि ज्या देतात त्या आपलाच विमा वेगळे पैसे लावून घ्यायला लावतात. अमेरिकेतल्या राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स मेक्सिकोत पर्यटकाला चालतं.

तात्पुरत्या आयातीचा परवाना काढावा लागतो, असं तुम्ही ऐकलं असेल. तिहुआना-एन्सेनाडा ज्यात येतात त्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात कुठेही जा, तो लागत नाही. सोनोराच्या पश्चिम भागात, म्हणजे पुएर्तो पेन्यास्कोलाही लागत नाही. बाकी ठिकाणी सीमेपासून साधारण २० ते २५ किलोमीटरच्या पट्ट्याबाहेर गेलात की लागतो. तो बानहेर्सितो ही लष्करी बँक देते आणि गाडीच्या मॉडेलच्या वर्षाप्रमाणे २०० ते ४०० डॉलर अनामत घेते. मुदत संपण्याआधी सीमेवर जाऊन परवाना रद्द करून घेतला नाही, तर अनामत जाते आणि पुढच्या वेळी त्या गाडीला परवाना मिळत नाही. पहिल्या फेरीला बाहाच बरं म्हणतो, त्यात हेही एक कारण आहे.

काय घरीच ठेवायचं

बंदूक आणि गोळ्या. बहुतेकांना हे सांगावं लागू नये, पण टेक्सास-ॲरिझोनात रेंजवर जाणारे आपले लोकही आता बरेच आहेत. डिकीच्या कोपऱ्यात विसरून राहिलेली एक गोळीसुद्धा मेक्सिकोत तुरुंगात नेऊ शकते. सीट उचलून, कप्पे उघडून गाडी रिकामी करा, जुनी बॅग घेत असाल तर तिचे खिसे उलटे करून बघा.

गांजा कॅलिफोर्नियात कायदेशीर आहे म्हणून सीमेपलीकडे नेता येत नाही, आणि परत आणताही येत नाही. व्हेपवरही मेक्सिकोत बंदी आहे. सर्दीच्या गोळ्या ही खरी फसगत करणारी गोष्ट आहे. स्यूडोएफेड्रिन असलेली औषधं अमेरिकेत काउंटरवर मिळतात, मेक्सिकोत त्यांना मनाई आहे. औषधाच्या डबीवरचं लेबल वाचा. आईबाबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या, आठवड्याच्या प्लास्टिकच्या डबीत सुट्या भरून नको.

सीमा ओलांडणं

आदल्या रात्री नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवा आणि फोनच्या प्लॅनमध्ये मेक्सिको आहे का ते बघा. या वाटेवरची घड्याळं कॅलिफोर्नियाबरोबरच चालतात, त्यामुळे वेळेचा घोळ नाही. सकाळी लवकर निघा, म्हणजे अख्खा दिवस उजेडाचा मिळतो.

सॅन इसिद्रो या अमेरिकेच्या बाजूच्या नाक्याहून पलीकडे गेलं की एल चापाराल हे मेक्सिकोचं नाकं लागतं. ‘नादा के देक्लारार’, म्हणजे जाहीर करण्यासारखं काही नाही, अशा लेनमध्ये शिरलात आणि हिरवा दिवा लागला की थेट बाहेर. लाल लागला तर गाडी बाजूला घेऊन तपासणी होते. ती साधी गोष्ट आहे, घाबरायचं काही नाही.

पण हिरवा दिवा लागला म्हणजे तुमची प्रवेशाची नोंद झाली असं नव्हे. ती आपण होऊन करून घ्यावी लागते. म्हणून जाहीर करायच्या लेनमध्ये, ‘देक्लारासियोन’ लिहिलंय तिथे जा आणि अधिकाऱ्याला ‘एफे-एमे-एमे, पोर फावोर’, म्हणजे ‘प्रवेशनोंदीचा कागद द्या, कृपया’, असं म्हणा. तो गाडी कुठे लावायची ते दाखवतो. इमिग्रेशनच्या खिडकीवर पासपोर्ट आणि अमेरिकन व्हिसा दाखवायचा, हॉटेलचं नाव सांगायचं आणि नोंद करून घ्यायची. पैसे भरायला लागले तर पावती जपा. ‘एन्सेनाडापर्यंत कोणी विचारत नाही’ हे तुम्हाला दहा जण सांगतील. कोणी विचारलंच तर नोंदीशिवाय फिरणारा परदेशी माणूस म्हणून तुम्ही उभे असाल, आणि परतीचा सगळा भार व्हिसावर असलेल्या माणसाने ही जोखीम घेऊ नये. वीस मिनिटं जातील, जाऊ द्या.

नाक्यावरून बाहेर पडल्यावर तिहुआनात फाटे पटापट येतात. ‘रोसारितो-एन्सेनाडा’ आणि ‘कुओता’ लिहिलेल्या पाट्या धरून चला. कुओता म्हणजे टोलचा रस्ता. थोडा वेळ सीमेच्या कुंपणाला चिकटून रस्ता जातो आणि मग उजव्या हाताला पॅसिफिक उलगडतो. टोल तीनदा लागतो: प्लायास दे तिहुआना, रोसारितो आणि सान मिगेल. इथे डॉलर चालतात, तरी सुटे पेसो जवळ असलेले बरे. पेसो बँकेच्या आतल्या एटीएममधून काढा. टोलची पावती फेकू नका, त्या रस्त्यापुरतं विम्याचं संरक्षण तिच्यात असतं.

रस्त्यावर

तिहुआना ते एन्सेनाडा साधारण १०० किलोमीटर, दीड ते दोन तास. एन्सेनाडाच्या अलीकडे साल्सिपुएदेसच्या कड्यांजवळ रस्ता समुद्रावर लटकल्यासारखा जातो. २०१३ च्या डिसेंबरअखेरीस इथला रस्त्याचा तुकडा दरडीबरोबर खाली गेला आणि टोलरस्ता जवळजवळ वर्षभर बंद होता. म्हणून मोठ्या पावसानंतर निघणार असाल तर रस्त्याची खबर घेऊनच निघा. असं अचानक बंद होणं सीमेच्या नाक्यांबाबतही घडतं. पुएर्तो पेन्यास्कोसाठीचं लुकव्हिलचं नाकं २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेने महिनाभर बंद ठेवलं होतं, आणि एरवीही ते रात्री बंद असतं.

वेगाच्या पाट्या किलोमीटरमध्ये असतात, तुमचं मीटर मैलांत. १०० म्हणजे ६२ मैल, एवढं पाठ असलं की पुरे. ‘आल्तो’ म्हणजे थांबा. ‘तोपे’ म्हणजे गतिरोधक, आणि तो गावात शिरताना, शाळेपाशी, कधी पाटीशिवायही येतो. ‘वादो’ दिसलं तर पुढे रस्ता खोलगट आहे, पावसात तिथे पाणी असतं. महामार्गावर पुढच्या ट्रकने डावा इंडिकेटर दिला तर तो तुम्हाला ‘ओव्हरटेक कर’ म्हणत असेल किंवा स्वतःच डावीकडे वळत असेल. खात्री झाल्याशिवाय पुढे घुसू नका.

रात्री गाडी चालवायची नाही, ही पहिल्या फेरीची पक्की अट ठेवा. दिवे नसलेली वाहनं, रस्त्यावर आलेली गुरं, खड्डे आणि गाडी बंद पडली तर मदत मिळायला उशीर, ही त्याची साधी कारणं. दुसरं कारण सुरक्षिततेचं आहे आणि ते स्पष्टच सांगतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये एन्सेनाडाच्या दक्षिणेला एकांत किनाऱ्यावर तंबू टाकून राहिलेल्या तीन सर्फरांचा खून झाला. त्यांच्या ट्रकची चाकं चोरायला लोक आले होते, असं तिथल्या सरकारी वकिलांनी सांगितलं. मोठा रस्ता, भरवस्तीतलं हॉटेल, पहारा असलेलं पार्किंग आणि दिवसाउजेडी प्रवास, एवढं पाळून असंख्य कुटुंबं दर आठवड्याला जाऊन येतात. अमेरिकेचं परराष्ट्र खातं राज्यागणिक वेगळा सल्ला देतं. तो निघायच्या आठवड्यात वाचा. टेक्सासला लागून असलेल्या तामाउलिपासबद्दल तर ‘जाऊच नका’ असाच सल्ला वर्षानुवर्षं आहे.

पेट्रोल पंपावर नोकर पेट्रोल भरतो. हिरव्या नळीतलं ‘माग्ना’ म्हणजे साधं पेट्रोल, लाल म्हणजे ‘प्रीमियम’, काळं म्हणजे डिझेल. आपल्याकडे पंपावरचा पोरगा ‘साहेब, झिरो बघा’ म्हणतो ना, तसंच इथेही मीटर शून्यावर आहे हे खाली उतरून बघा, आणि भरून झाल्यावर दहा-वीस पेसो टिप द्या.

लष्कराची नाकी लागतात, विशेषतः एन्सेनाडाच्या पुढे. काच खाली, गॉगल काढलेला, हात दिसतील असे. कुठून आलात, कुठे चाललात एवढंच बहुधा विचारतात. डिकी उघडायला सांगितली तर उतरून शेजारी उभे राहा. ट्रॅफिक पोलिसाने अडवून जागेवर पैसे मागितले तर आवाज न चढवता ‘ला मुल्ता, पोर फावोर’ म्हणून लेखी दंड मागा. चूक झाली असेल तर दंड ठाण्यावर जाऊन भरा.

अडचण आली तर ९११ चालतो. गाडी बंद पडली तर ०७८. आंखेलेस वेर्देस, म्हणजे ‘हिरवे देवदूत’, ही सरकारी सेवा १९६० पासून महामार्गांवर प्रवाशांना मदत करते. मजुरी घेत नाहीत, फक्त सुटे भाग आणि इंधनाचे पैसे द्यावे लागतात.

शाकाहारी मंडळींसाठी

उपाशी राहायची वेळ येणार नाही, पण विचारल्याशिवाय खाऊ नका. घोटलेल्या राजम्यासारख्या दिसणाऱ्या फ्रिहोलेसमध्ये बहुधा ‘मान्तेका’, म्हणजे डुकराची चरबी असते. मैद्याच्या तोर्तियातही (तिथल्या पोळीत) असू शकते, मक्याच्या तोर्तियात सहसा नसते. लालसर भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो, आणि ‘मांस नको’ एवढंच सांगितलं तर त्या भाताची आठवण कोणाला होत नाही. म्हणून पूर्ण सांगा: ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो’, म्हणजे मांस, कोंबडी, मासे, चरबी आणि कोंबडीचं पाणी नको. कागदावर लिहून दाखवलं तरी चालतं.

मागवण्याजोगं भरपूर आहे. नोपालेस, म्हणजे निवडुंगाची कोवळी पानं, चीज घालून मक्याच्या तोर्तियात भाजून मिळतात. गाड्यावर कणसाचे दाणे लिंबू-मिरची घालून पेल्यात देतात, त्यावर मेयोनीज नको असेल तर आधी सांगायचं. काकडी, आंबा, जिकामा (एक कुरकुरीत कंद) चिरून वर तिखट-मीठ-लिंबू भुरभुरलेला पेला तर घरातल्या लहानथोरांना आवडतो. मासे खाणाऱ्यांनी एन्सेनाडाच्या बंदराजवळच्या मासळीबाजारातले तळलेल्या माशाचे ताको खावेत. ताजा मासा, पातळ पिठाचं कुरकुरीत आवरण, वर कोबी आणि साल्सा. पाणी मात्र सगळ्यांनी बाटलीचंच प्यावं.

परतीची रांग

सॅन इसिद्रोच्या परतीच्या रांगेत रविवारी संध्याकाळी तीन-चार तासही जातात. शक्य असेल तर परतीला सोमवार धरा किंवा रविवारी पहाटे निघा. अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याच्या ॲपवर प्रत्येक नाक्याची ताजी वेळ दिसते. एन्सेनाडाहून वाइन होणाऱ्या व्हाये दे ग्वादालुपेतून वर तेकातेला जाता येतं. तिथली रांग बऱ्याचदा लहान असते, पण ते नाकं रात्रभर उघडं नसतं.

रांगा तीन प्रकारच्या असतात. सेन्त्री कार्डधारकांची (आधीच तपासणी होऊन कार्ड मिळालेल्यांची), रेडी लेन आणि सर्वसाधारण. रेडी लेनसाठी गाडीतल्या प्रत्येकाकडे चिपचं कागदपत्र लागतं. नवं ग्रीन कार्ड चालतं, भारतीय पासपोर्टवरचा व्हिसा चालत नाही. एकाकडे जरी नसलं तरी सगळ्यांनी सर्वसाधारण लेनमध्येच जायचं. चुकून सेन्त्रीत शिरलात तर वेगळी तपासणी आणि दंडही होऊ शकतो. हे फाटे तिहुआनाच्या गल्ल्यांतूनच वेगळे होतात, म्हणून शेजारी बसलेल्याने पाट्यांवर लक्ष ठेवावं.

रांगेत लागण्याआधी पेट्रोल भरा आणि मुलांना बाथरूमला नेऊन आणा. मग खिडकीपाशी चुरोस, गोधड्या, प्लास्टरची चित्रं विकणारे फेरीवाले येत राहतात.

खिडकीवर पोचल्यावर फोन बंद, काचा खाली, फोल्डर हातात. खाण्याचं जे काही आहे ते सगळं सांगून टाका. फळं, भाज्या, मांस, बिया यांतलं बरंच काही आणता येत नाही. सांगितलं तर फार तर काढून घेतील, लपवलं तर दंड. एकवीस वर्षांवरील प्रत्येकाला एक लिटर दारू शुल्काशिवाय आणता येते. तिहुआनातल्या दुकानांतून सुट्या गोळ्या घेऊ नका. सीमेवरच्या गावांत विकल्या गेलेल्या बनावट गोळ्यांत फेंटानिल सापडल्याचा इशारा अमेरिकेने २०२३ मध्येच दिला आहे.

घरी पोचल्यावर त्याच आठवड्यात सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर प्रत्येकाचा आय-९४ उघडून बघा. दर्जा आणि शेवटची तारीख बरोबर आहे ना, ते आय-७९७ शेजारी ठेवून ताडून पाहा. चुकलं असेल तर खात्याच्या डिफर्ड इन्स्पेक्शन कार्यालयाशी संपर्क साधून लगेच दुरुस्त करून घ्या.